फॅक्स मोडेम अडला तर : आधी कान लावा, संगणक नंतर उघडा

फॅक्स जात नाही म्हणून कुणाचा फोन आला, की मी पहिलं एकच विचारते, "आवाज कसा येतोय?" बहुतेकांनी आवाज ऐकलेलाच नसतो. विंडोज नव्याने टाकून झालेलं असतं, ड्रायव्हर काढून पुन्हा घातलेला असतो, पण भिंतीवरच्या डबीतली तार कुणी हलवूनही बघितलेली नसते. संगणकावरून फोनच्या लाइनने फॅक्स पाठवणारा फॅक्स मोडेम हे सगळं काम आवाजात करणारं यंत्र आहे. अडलं कुठे तेही त्या आवाजातच कळतं, आणि ते ऐकायला तंत्रज्ञ असावं लागत नाही.

माझा कान तयार झाला तो चिपळूणला, आमच्या एसटीडी-आयएसडी-पीसीओवर. आंबा-काजूचे व्यापारी, वकील, बोटीवर नोकरीला असलेल्या मुलांचे आईवडील असे सगळे फॅक्ससाठी कागद घेऊन यायचे. फॅक्स अर्ध्यात अडकला तरी मीटर पळत राहायचं आणि गिऱ्हाईकाचे पैसे जायचे. त्यामुळे पान जाणार की तुटणार हे पहिल्या काही सेकंदांतच ओळखायची सवय लागली. पुढे बूथ बंद झाला आणि तेच काम घरच्या संगणकाला मोडेम जोडून सुरू झालं. आजही ते पूर्ण थांबलेलं नाही. अमेरिकेत कंपनी नोंदवणाऱ्या इथल्या मुलांना तिथल्या कर खात्याकडे ईआयएन, म्हणजे कंपनीच्या कर-ओळख क्रमांकाचा अर्ज फॅक्सने पाठवता येतो. जपान-जर्मनीतली काही कार्यालयं आणि अमेरिकेतले दवाखाने अजून फॅक्स मागतात. जुन्या मोडेमची किंमत त्या दिवशी कळते.

तपासायचा क्रम बाहेरून आत असा ठेवा : भिंतीवरची डबी, तार, मोडेम, मग संगणक, आणि शेवटी समोरचं यंत्र. मधली पायरी गाळू नका.

लाइन ऐका

मोडेम पूर्ण काढून बाजूला ठेवा. साधा, तारेचा फोन थेट भिंतीवरच्या डबीत लावा. घरात दुसऱ्या खोलीत पॅरलल फोन असेल तर तोही काढा, कॉलर आयडीचा डबा असेल तर तोही. आता रिसीव्हर उचला आणि कुठलाही एक आकडा दाबा. आकडा दाबला की डायल टोन बंद होतो आणि लाइनवर शांतता पसरते. ऐकायची ती ही शांतता. डायल टोन चालू असताना बारीक खरखर त्याच्याखाली झाकली जाते, म्हणून "टोन तर छान येतोय" या बोलण्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही.

खरखर, चरचर येत असेल तर कुठेतरी सांधा ओला किंवा गंजलेला आहे. आमच्याकडे जूनपासून हे नेमाने सुरू होतं. डबीचं झाकण उघडून बघा, स्क्रूवर हिरवट थर दिसला तर तारेचं टोक कापून नवं सोलून घट्ट बसवा. फोन वाजत असताना उघड्या तारेला हात लावू नका. एरवी लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास दाब असतो, पण रिंगच्या वेळी तो बराच चढतो आणि चांगला झटका बसतो. डबी स्वच्छ असूनही खरखर राहिली तर दोष खांबाकडे आहे, तक्रार नोंदवा. तक्रार करताना मोडेमचं नाव काढू नका, "बोलताना खरखर येते" एवढंच सांगा. फॅक्स म्हटलं की समोरचा माणूस तुमच्याच यंत्राकडे बोट दाखवतो, आवाजाची तक्रार मात्र त्याला लाइन तपासूनच मिटवावी लागते.

सलग गुणगुण येत असेल तर कारण बहुधा घरातच असतं. फोनची पट्टी वायर विजेच्या वायरीबरोबर बांधलेली असते किंवा इन्व्हर्टरच्या मागून गेलेली असते. ती वेगळी करा. टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे म्हणून लांबच लांब वायर ओढण्यापेक्षा डबीच जवळ घ्या. गुणगुण मोडेम संगणकाला जोडल्यावरच सुरू होत असेल तर भिंतीतल्या प्लगचं अर्थिंग बघा. अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, कारण पॉवर सप्लायमधून तिथे थोडा दाब उतरलेला असतो. तो मोडेमवाटे लाइनवर गुणगुणतो. अर्थिंग करून घेणं हे फॅक्सपेक्षा जिवासाठी गरजेचं आहे, ते टाळू नका.

तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँडही असेल तर स्प्लिटरची, म्हणजे फोन आणि इंटरनेट वेगळे करणाऱ्या डबीची, जोडणी तपासा. मोडेमची तार "फोन" लिहिलेल्या बाजूला हवी. ती थेट लाइनला लागली तर ब्रॉडबँडची सळसळ फॅक्समध्ये मिसळते आणि इंटरनेटही तुटतं.

तार आणि भोकं

मोडेमच्या मागे दोन सारखीच भोकं असतात, एकावर "लाइन" आणि दुसऱ्यावर "फोन". भिंतीतली तार "लाइन"मध्ये, तुमचा फोन "फोन"मध्ये. उलटं लावलं तर काही मोडेममध्ये डायल टोन येतो पण डायल होत नाही, काहींत काहीच घडत नाही. अक्षरं झिजलेली असतील तर अदलाबदल करून बघा, त्यात धोका नाही.

बाहेरचा, अडॅप्टरवर चालणारा मोडेम असेल तर अडॅप्टरचं लेबल नीट वाचा. जुन्या मोडेममध्ये ९ व्होल्ट एसी देणारे अडॅप्टर सर्रास असत. बाजारात त्याच पिनचा ९ व्होल्ट डीसी सहज मिळतो आणि तोच आणून लावला जातो. मग दिवे लागत नाहीत, किंवा लागतात आणि मोडेम मधेच मरतो. दाब, अँपिअर आणि एसी-डीसी, तिन्ही जुळायला हवेत.

मोडेमशी बोला

आता मोडेम संगणकाला जोडा. यूएसबीचा असेल तर हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या मागच्या भोकात लावा. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये "फोन अँड मोडेम" उघडा, मोडेमवर क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे "डायग्नॉस्टिक्स" आणि मग "क्वेरी मोडेम". खालच्या चौकटीत आज्ञा आणि उत्तरांची यादी आली, तर मोडेम आणि संगणक यांचं बोलणं होतंय. दोष पुढे आहे, विंडोजला हात लावायचं कारण उरलं नाही. यादी न येता "मोडेमने उत्तर दिलं नाही" असा संदेश आला, तर कॉम पोर्टचा (मोडेम ज्या जोडणीवर आहे तिचा) क्रमांक, ड्रायव्हर आणि यूएसबीची वायर या तिघांतच शोधा. त्यातही वायर आधी.

हाताने आज्ञा देऊन बघायची असेल तर विंडोज एक्सपीपर्यंत त्यासाठीचा हायपरटर्मिनल हा प्रोग्रॅम विंडोजबरोबरच यायचा, व्हिस्टापासून तो काढून टाकला. आता पुटी हा प्रोग्रॅम वापरा, त्यात "सीरियल" निवडून कॉम पोर्टचा क्रमांक घाला. खाली मी आज्ञा फोनवर सांगावी तशी अक्षरं फोडून लिहिते. टाइप करताना इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि इंग्रजी आकडे, मध्ये जागा न सोडता, शेवटी एंटर.

ए-टी टाकलं की "ओके" यायला हवं. ए-टी-अँड चिन्ह-एफ म्हणजे कारखान्यातून आली ती मांडणी परत आणणं. कुणी आधी काय बदललंय ते माहीत नसेल तर सुरुवात यानेच करा. मग ए-टी-अधिक चिन्ह-एफ-सी-एल-ए-एस-एस-बरोबर चिन्ह-प्रश्नचिन्ह. ही आज्ञा फार कामाची आहे. उत्तरात नुसतं शून्य आलं तर तो मोडेम फक्त डेटाचा आहे, त्यावर फॅक्स कधीच जाणार नाही आणि तुमचा पुढचा सगळा वेळ वाचला. ०, १ किंवा ०, १, २ असं काही आलं तर फॅक्स आहे. क्लास १ मध्ये समोरच्या यंत्राशी बोलण्याची वेळ सांभाळायचं काम संगणकाकडे असतं, क्लास २ मध्ये ते मोडेम स्वतः करतो. संगणक जुना किंवा कामात गुंतलेला असेल आणि पानं मधेच तुटत असतील, तर फॅक्सच्या प्रोग्रॅममध्ये क्लास २ निवडायची सोय आहे का बघा. मी अशा वेळी तोच आधी लावते.

ए-टी-एम-२ ही माझी आवडती आज्ञा. एरवी मोडेमचा स्पीकर जोडणी होताच गप्प बसतो. एम-२ ने तो शेवटपर्यंत चालू राहतो. तपासणी चालू असेपर्यंत तसाच ठेवा, घरातले कुरकुर करतील पण दोष सापडेल. स्पीकरच नसलेल्या छोट्या यूएसबी मोडेमसाठी पॅरलल फोन उचलून बोलायची बाजू हाताने झाकून ऐका. फॅक्स त्यामुळे बिघडू शकतो, म्हणून हे फक्त चाचणीपुरतं.

"नो डायलटोन" आणि चुकलेला नंबर

लाइनवर टोन स्वच्छ आहे, तरी मोडेम "नो डायलटोन" म्हणतो. हे परदेशातून आणलेल्या मोडेममध्ये हमखास घडतं. आपला डायल टोन ४०० हर्ट्झच्या जातीचा आहे. अमेरिकेचा ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून बनतो. तिथल्या सवयीचा मोडेम आपला टोन ओळखत नाही. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये "डायल करण्यापूर्वी टोनची वाट बघा" ही खूण काढून टाका, किंवा ए-टी-एक्स-३ द्या. तसाच प्रश्न इंटरकॉम असलेल्या सोसायटीत किंवा कार्यालयात येतो. तिथे बाहेरची लाइन घ्यायला ० किंवा ९ लागत असेल तर तो आकडा, मग स्वल्पविराम, मग नंबर असं लिहा. एका स्वल्पविरामाने मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो. लाइन उशिरा मिळत असेल तर दोन स्वल्पविराम द्या.

आता विंडोजच्या "डायलिंग रुल्स"बद्दल, कारण यात पैसेही जातात. तिथे एसटीडी कोड सुरुवातीच्या शून्याशिवाय लिहायचा असतो, शून्य विंडोज स्वतः लावतं. पुण्याचा कोड २० लिहायच्या जागी ०२० लिहिला, की मोडेम ०-०२० फिरवतो. लाइनच्या दृष्टीने ते ००-२० झालं. ०० म्हणजे परदेश आणि २० म्हणजे इजिप्त. आयएसडी बंद असेल तर नुसती रेकॉर्ड केलेली बाई बोलते आणि माणूस मोडेमला दोष देत बसतो. मला विचाराल तर हे नियम बाजूलाच ठेवा आणि फॅक्सच्या खिडकीत पूर्ण नंबर, शून्यासकट, जसा फोनवर फिरवाल तसाच टाका.

पुढची पाच-दहा सेकंदं

इथे खरं ऐकायचं असतं. नंबर फिरला, रिंग गेली. तुमचा मोडेम दर साडेतीन सेकंदांनी अर्धा सेकंद एक बारीक "पिप्" देत राहतो. ११०० हर्ट्झचा तो आवाज म्हणजे "मी फॅक्स आहे" ही ओळख. समोरून उत्तरादाखल सुमारे तीन सेकंदांची लांब, उंच शिट्टी यायला हवी, २१०० हर्ट्झची. शिट्टीऐवजी "हॅलो, हॅलो" ऐकू आलं तर समोरचं यंत्र माणसाच्या हाती आहे. त्यांना फोन करून "टोन द्या" म्हणायचं. एसटीडी बूथवर हे दोन शब्द दिवसभर कानावर पडायचे. आणि समोरूनही तसाच "पिप्... पिप्..." येत असेल तर तिकडचं यंत्रही पाठवायच्याच पवित्र्यात आहे, दोघेही बोलतायत आणि घेणारा कुणी नाही.

शिट्टीनंतर कुलकुल असा, वरखाली होणारा आवाज येतो. दोन्ही यंत्रं ३०० बिट प्रति सेकंद अशा संथ, भरवशाच्या वेगाने आपापली क्षमता एकमेकांना सांगत असतात. मग एकदम "खर्रऽऽ" असा भरदार सळसळता आवाज : ही चाचणी. तो एकदा आला, पुन्हा थोडी कुलकुल झाली आणि लगेच लांब सळसळ सुरू झाली, म्हणजे पान निघालं. मी बूथवर इथपर्यंत ऐकलं की गिऱ्हाईकाला "बसा" म्हणायची.

पण कुलकुल-खर्र, कुलकुल-खर्र असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर यंत्रं वेग उतरवत चालली आहेत : १४४००, मग १२०००, ९६००, ७२००, ४८००. प्रत्येक पायरीला चाचणी नापास होतेय. हा लाइनचा दोष आहे. पहिल्या पायरीवर परत जा. लाइन आज सुधारणार नसेल तर प्रोग्रॅममध्ये सोय असल्यास वेग आधीच ९६०० वर बांधा. लिनक्सवरच्या ईफॅक्स या प्रोग्रॅममध्ये तो बांधता येतो. पान "फाइन"ऐवजी "स्टँडर्ड"ने पाठवा, आडव्या रेघा निम्म्या होतात आणि वेळही जवळजवळ निम्मा लागतो. राखाडी छटांचे फोटो, पार्श्वभूमीला रंग असलेले फॉर्म पाठवू नका. काळ्या-पांढऱ्या मजकुराचं पान झटकन दाबलं जातं, राखाडी पान ठिपक्यांचं होतं आणि कितीतरी लांबतं. जितकं लांब, तितकी मध्ये तुटायची शक्यता जास्त.

"माझा मोडेम ५६के आहे, मग फॅक्स इतका सावकाश का?" असं विचारतात. ५६के हा इंटरनेटवरून माहिती उतरवण्याचा वेग होता. नेहमीचा फॅक्स जास्तीत जास्त १४४०० ने जातो.

सगळं नीट जाऊन ऐन मध्यावर पान तुटत असेल आणि तुटण्याआधी एक "टुक्" ऐकू येत असेल, तर ती कॉल वेटिंगची खूण आहे. एक्स्चेंजकडून ती सोय बंद करून घ्या.

जुन्या संगणकवाल्यांसाठी थोडं

विंडोज ९८ चा संगणक कुणी हौसेने जपला असेल आणि आतलं मोडेम कार्ड मधेच गोठत असेल, तर कॉम पोर्ट बघा. कॉम १ आणि कॉम ३ संगणकाचं लक्ष वेधायला एकच वाट, आयआरक्यू ४, वापरतात, कॉम २ आणि कॉम ४ आयआरक्यू ३. माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असेल तर माउस हलवताच फॅक्स तुटतो. मोडेम कॉम २ वर न्या आणि बायॉसमधून (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीतून) मूळचा कॉम २ बंद करा. नव्या विंडोज ११ वर उलटी अडचण : "विंडोज फॅक्स अँड स्कॅन" सापडतच नाही. सेटिंग्जमधल्या "ऑप्शनल फीचर्स"मधून ते जोडून घ्यावं लागतं.

वीज

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात मोडेम मरतात. वीज दूर कुठेतरी पडते, दाब फोनच्या तारेतून घरात येतो. विजेचा प्लग काढला म्हणून मोडेम वाचत नाही, फोनची तार काढावी लागते. गडगडाट ऐकू आला की ती काढाच. मेलेल्या मोडेमची ओळख अशी : ए-टीला "ओके" म्हणतो, "क्वेरी"ला यादी देतो, पण लाइन कधीच उचलत नाही. बाहेरच्या मोडेमवर लाइन उचलल्याचा "ओएच" दिवा लागतो आणि स्पीकरमधून काहीच येत नाही. लाइनकडचा भाग जळलेला असतो, संगणकाकडचा जिवंत असतो. अशा मोडेमवर ड्रायव्हर बदलत बसू नका.

तांबं गेलं, फायबर आलं

आजकाल मला येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात जास्त. जुना नंबर तोच आहे, फोनवर बोलणं पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे, पण फॅक्स जाईना. फायबरच्या डब्यामागच्या फोनच्या भोकात तुमचा आवाज तुकडे होऊन पाकिटांमधून जातो. माणसाच्या बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तर कानाला कळत नाही, फॅक्सला मात्र तो हरवलेला तुकडा म्हणजे फाटलेलं पान. आवाज दाबून पाठवणारी पद्धत लावलेली असेल तर फॅक्सचे सूर ओळखण्यापलीकडे जातात.

इथे कंपनीला नेमके शब्द सांगावे लागतात. "या नंबरवर जी.७११ कोडेक ठेवा आणि टी.३८ फॅक्स चालू करा." जी.७११ कोडेक म्हणजे आवाज फारसा न दाबता पाठवायची पद्धत, आणि टी.३८ ही फॅक्स पाकिटांतून नेण्यासाठीच बनवलेली पद्धत आहे. फोन घेणाऱ्याला कळलं नाही तर तक्रारीत हे शब्द लिहून घ्यायला सांगा, पुढे ती कळणाऱ्याकडे जाते. तुमच्या बाजूने वेग ९६०० वर ठेवा, एका वेळी एकच पान पाठवा, आणि त्या वेळात घरात कुणाला मोठं डाउनलोड लावू देऊ नका. एक-दोन पानं बहुधा अशी निघतात, दहा पानांच्या गठ्ठ्यावर मी भरवसा ठेवत नाही.

हे करूनही जमलं नाही, तर मोडेम आणि लॅपटॉप उचलून अजून तांब्याची लाइन असलेल्या ओळखीच्या घरी न्या आणि तोच कागद त्याच नंबरला पाठवून बघा. गेला, तर तुमचा मोडेम ठणठणीत आहे आणि फायबरवाल्यांशी भांडायला तुमच्या हातात पुरावा आला. गेला नाही, तर तोच कागद दुसऱ्या एखाद्या फॅक्स नंबरला पाठवा. समोरच्यांचं यंत्र कागद संपून गप्प बसलेलं असणं हेही मी कितीदा बघितलंय.